तीन वर्षांची नेमणूक

मित्रांनो, मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. माझ्या अंगावर दहा तारा आहेत आणि प्रत्येक तारेवर दहा मणी, म्हणजे बेरीज शंभर. खरे सांगायचे तर नव्याण्णवच. एक मणी फार पूर्वी कुणाच्या तरी खिशातून घरी गेला आणि त्याच्या जागी मेंढीच्या घोट्याचे हाड भोक पाडून ओवलेले आहे. इथली मुले अशा हाडांनी दिवसभर खेळतात, त्यामुळे मोजताना त्या हाडाला कुणी हसत नाही.

माझा जन्म खाली शहरातल्या एका सुतारखान्यात झाला. तिथे शाळांचे बाक आणि फळे तयार होत. भूर्जाच्या लाकडाची माझी चौकट, खाली दोन पाय, उंची दुसरीतल्या मुलाएवढी. माझ्याबरोबर घडलेल्या बाकी चौकटी सपाटीवरच्या शाळांत गेल्या. मी तेवढी पिठाच्या पोत्यांवर आडवी पडून खिंड ओलांडली आणि उच-बुलाक या गावी आले. आमची खिंड नोव्हेंबरात बर्फाने बंद होते आणि एप्रिल सरता सरता उघडते. त्या सहा महिन्यांत गावात जो असतो तो असतो आणि नसतो तो नसतो. मला त्याचे काही वाटत नसे. माझे मणी डावीकडून उजवीकडे जातात आणि उजवीकडून डावीकडे येतात, त्यांना कुठे जायचे असते? तारेच्या बाहेरही जागा असते आणि तिथे जाण्यासाठी कुणाचा जीव तळमळतो, हे मला अनारकुल एजेंनी शिकवले.

आमच्याकडे शाळेतल्या बाईंना 'एजे' म्हणतात, म्हणजे मोठी बहीण. अनारकुल एजे आल्या ते साल होते एकोणीसशे नव्वद. वय बावीस, हातात एक सूटकेस आणि खांद्याला जर्दाळूंची पिशवी. त्यांचे घर खाली मोठ्या तळ्याच्या काठी होते. तिथे त्यांची आई एकटी राहत होती. एजेंजवळ सरकारी कागद होता. नव्या शिक्षिकेने दूरच्या गावी तीन वर्षे काम करावे, मग तिला मोकळे सोडावे, असे त्यात लिहिले होते. हेडमास्तर तुर्दुबेक यांनी कागद वाचला, घडी घालून खणात टाकला आणि म्हणाले, "तीन वर्षं म्हणजे काय गं, तीन हिवाळे. चुटकीसरशी जातील."

एजेंना पहिलीचा वर्ग मिळाला, एकोणीस मुले. आमच्याकडची रीत अशी की पहिलीला जी बाई मुलांचा हात धरते ती चौथी संपेपर्यंत सोडत नाही. वर्ग बाईंच्या नावाने ओळखला जातो. अनारकुलचा वर्ग, असेच म्हणतात. मधेच बाई बदलली तर गावात ते अपशकुनासारखे मानले जाते. आता बघा, नेमणूक तीन वर्षांची आणि वर्ग चार वर्षांचा. ही वजाबाकी माझ्या एका तारेवर पहिलीतल्या पोरानेही करून दाखवली असती. पण त्या दिवशी मला कुणी विचारले नाही, आणि एजे तर मुलांची नावे पाठ करण्यात गुंग होत्या.

त्या फार चांगल्या बाई होत्या. हे मी माझ्या नजरेने पाहिले आहे, ऐकीव नाही. सकाळी त्या सगळ्यांच्या आधी येऊन शेगडीत गोवऱ्या पेटवत. मुले घोड्यावरून, गाढवावरून, कुणी चालत येई; त्यांचे ओले हातमोजे शेगडीच्या कडेला ओळीने वाळत. बोटे गरम झाल्याशिवाय एजे कुणाला पेन्सिल धरू देत नसत. कोण उपाशी आले आहे हे त्यांना चेहरा पाहून कळे, आणि त्या पोराला फळा पुसण्याच्या निमित्ताने पुढे बोलावून हातात पावाचा तुकडा सरकवत. एका पोराला आठाच्या पुढे मोजताच येत नव्हते. एजेंनी त्याला महिनाभर रोज माझ्यासमोर उभे केले. ज्या दिवशी तो नऊ आणि दहा म्हणाला, त्या दिवशी त्यांनी साऱ्या वर्गाला अर्धा तास आधी सोडले.

माझी सर्वांत वरची तार मात्र मुलांची नव्हती. "तिला हात लावायचा नाही, ती माझी," असे एजेंनी पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. दर वर्षी मे महिन्यात शाळा सुटली की त्या वरच्या तारेवरचा एक मणी उजवीकडे सरकवत. पहिला मणी सरकवताना त्या गुणगुणत होत्या.

दुसऱ्या हिवाळ्यात एक विचित्र गोष्ट झाली. ज्या देशाने एजेंना तीन वर्षांसाठी पाठवले होते, तो देशच मोडला. आमचे डोंगर जिथल्या तिथे राहिले, फक्त झेंडा बदलला आणि पगार येईनासा झाला. पगाराऐवजी पीठ मिळे, कधी तेही नाही. वरच्या वर्गांचे शिक्षक एकेक करून शहराच्या बाजारात कपडे विकायला निघून गेले. कोळसा संपला तेव्हा शाळेतले मोडके बाक जाळले, मग धड बाक जाळले, आणि एका सकाळी शिपाई कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. भूर्जाचे लाकूड छान जळते हे सगळ्यांना माहीत आहे.

एजे मधे आल्या. "हिला नको. माझी खुर्ची घे," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही बसणार कशावर?"

"मी कुठं बसते कधी?"

तो हिवाळाभर त्यांनी उभे राहून शिकवले. संध्याकाळी त्यांचे पाय सुजत. मित्रांनो, मी त्यांच्यामुळे आज तुमच्याशी बोलते आहे, आणि तरीही पुढे मी त्यांच्याशी जसे वागले ते सांगताना मला लाज वाटते.

तीन मणी उजवीकडे गेले तेव्हा एजेंनी हेडमास्तरांना वर्गातच गाठले. मास्तरांना इकडे 'आगाय' म्हणतात.

"तीन वर्षं झाली, तुर्दुबेक आगाय. मला मोकळीक द्या."

"देतो की. कुणाच्या सहीनं देऊ? तुला पाठवलं त्यांचं ऑफिस कुलूप लावून पडलंय."

"तुमच्या सहीनं द्या."

"आणि चौथीला कोण शिकवणार? मी? अगं, मी कवायतीचा मास्तर. मला भागाकार आठवत नाही." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "एकच वर्ष. तुझा वर्ग आहे, तुझी पोरं आहेत. एवढा वर्ग पार कर आणि खुशाल जा."

वर्ग पार झाला. चौथीची पोरे पाचवीत गेली आणि त्याच सप्टेंबरात त्यांची धाकटी भावंडे पहिलीच्या दारात उभी राहिली. दुसरी बाई आली नव्हती. एक आली होती, पण दोन आठवड्यांत खिंड बंद व्हायच्या आत परत गेली. "हा एक वर्ग, एजे," बायका म्हणाल्या. एजेंनी हात धरला, आणि हात धरला की चार वर्षे सुटत नाही.

असा दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा वर्ग झाला. दर खेपेला एजे म्हणत, "या वेळी मी जाणार," आणि दर खेपेला गाव म्हणे, "जा की, कोण अडवतंय? हा वर्ग झाला की जा." गाव वाईट नव्हते हो. पहिले दूध एजेंच्या घरी जाई, नवे कोकरू कापले की मांडीचा वाटा त्यांचा. गावातल्या बायकांनी त्यांच्यासाठी तीन स्थळेही आणली. त्यातला एक विधुर, एक घोडेवाला आणि एक नुसताच उंच होता. "इथंच चूल मांडलीत की पायाला मुळं फुटतील," असे त्या उघड उघड म्हणत. एजे हसून चहा ओतत आणि विषय बदलत.

पण शाळा सुटल्यावर वर्गात आम्ही दोघीच उरलो की त्या हसत नसत. आईची पत्रे त्या मला वाचून दाखवत. दाखवत कसल्या, मोठ्याने वाचत, आणि मी समोर असे. इकडे आईला 'आपा' म्हणतात. आपांनी लिहिलेले असे की यंदा जर्दाळू खूप आले पण झाडावर चढायला कुणी नाही. पुढच्या वर्षी, की छपराची डावी बाजू गळते. पुढे पत्रे शेजाऱ्याच्या हस्ताक्षरात येऊ लागली, कारण आपांना दिसेनासे झाले होते. मग मोबाइल आले. आमच्या शाळेत त्याला रेंज मिळते ती मागच्या राखेच्या ढिगावर उभे राहिले तरच. एजे तिथे चढून बोलत आणि राखेने पांढरे झालेले बूट घेऊन वर्गात परतत. "आपा आज पडली," एकदा त्या मला म्हणाल्या. "तासभर जमिनीवर होती. शेजारीण आली म्हणून बरं."

एक दिवस तर मला कधी विसरता येणार नाही. चौथीतल्या एका मुलीने अजूनही सात हा आकडा उलटा काढला. रोजची गोष्ट होती. एजेंनी खडू भिंतीवर फेकला आणि एवढ्या जोराने ओरडल्या की शेजारचा वर्ग गप्प झाला. "चोवीस वर्षं हाच सात! चोवीस वर्षं!" मुलगी रडू लागली. एजे खाली बसल्या, तिला कुशीत घेतले आणि स्वतःही रडल्या. मुलीला वाटले आपल्यामुळेच. खरे तर त्या दिवशी त्यांना सातांचा वीट आला होता, शेगडीचा आला होता, कौतुकाचा आला होता. माझाही आलाच असेल. वरच्या तारेवरचे दहा मणी दोनदा भरून पुन्हा डावीकडे आणले होते आणि तिसऱ्यांदा मोजणी चालू होती. पुढे पुढे तर मणी सरकवताना त्या माझ्याकडे पाहतही नसत.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार चौदाच्या वसंतात, त्यांचा सहावा वर्ग चौथी पार करणार होता. जानेवारीतच त्यांनी अर्ज दिला होता. "आपा चौऱ्याऐंशीची आहे," त्या हेडमास्तरांना म्हणाल्या. "ती मला आवाजानं ओळखते तोवर मला घरी पोचायचंय. दुसरं काही मागत नाही." हेडमास्तरांनी या वेळी खणाकडे पाहिले नाही, मान हलवली. जिल्ह्याकडून पत्र आले की नवी बाई पाठवतो. एजेंनी पुस्तके बांधली.

पंचवीस मे हा आमच्याकडे शेवटच्या घंटेचा, म्हणजे शाळेचे वर्ष संपण्याचा दिवस. मुली केसांना पांढऱ्या रिबिनींची मोठी फुले बांधतात, सारे गाव अंगणात जमते. त्या दिवशी मलाही रिबिनी बांधून बाहेर उभे करतात. कासिमाली आक्साकाल, म्हणजे गावातले सर्वांत वयोवृद्ध, लोकरीची उंच टोपी घालून मधोमध बसले होते. आयुष्यभर मेंढ्या राखलेला माणूस. कोणती मेंढी कळप सोडणार हे तिच्या कानांवरून ओळखणारा. त्यांनी एजेंना पुढे बोलावले, दोन सुनांकडून त्यांच्या खांद्यावर नवा मखमली झगा घातला आणि म्हणाले, "हात पसरा. आशीर्वाद देतो."

मित्रांनो, हे नीट ऐका. आमच्याकडे मोठा माणूस आशीर्वाद देतो तेव्हा सगळे ओंजळ पुढे धरतात. आशीर्वाद संपला की 'ओमीन' म्हणून दोन्ही हात तोंडावरून फिरवतात. हात फिरला की ते बोलणे आपण घेतले. घेतलेले परत देता येत नाही. म्हणून शहाणी माणसे आधी शेवटपर्यंत ऐकतात. पण रोजच्या जेवणानंतर, प्रवासाला निघताना, मेंढी कापताना, दिवसातून चार वेळा ही गोष्ट घडते, आणि हाताला सवय लागते.

आक्साकाल बोलू लागले. एजेंच्या आईला आयुष्य लाभो, वाट सुखाची होवो. एजेंचे डोळे भरून आले. मग त्याच सुरात, श्वासही न घेता, "आणि आमच्या नातवंडांना शिकवलंस तशी पतवंडांना शिकव, या शाळेच्या दारातून तुझा पाय कधी न निघो, ओमीन."

"ओमीन," सारे गाव म्हणाले. एजेंचे हात सवयीने वर गेले आणि तोंडावरून फिरले. चुकीचे काय घडले हे त्यांना कळले तेव्हा हात हनुवटीपर्यंत आले होते.

बुरुलचा आनंदाने टाळ्या पिटू लागली. ही बुरुलचा एजेंच्या पहिल्या वर्गातली मुलगी. आता तिचीच लेक सप्टेंबरात पहिलीत यायची होती. आणि मी? आता कबूल करते. मलाही आनंद झाला. मला हात असते तर मीही तोंडावरून फिरवले असते. ज्या बाईने माझ्यासाठी आपली खुर्ची जाळली, ती अडकली याचा मला आनंद झाला, कारण ती गेली असती तर मला कोपऱ्यात टाकून दिले असते. मी माझ्यापुरते पाहिले. गावाने गावापुरते पाहिले.

संध्याकाळी एजे वर्गात आल्या. झगा काढून बाकावर ठेवला. मणी सरकवला नाही. पुस्तकांच्या दोऱ्या सोडल्या आणि एकेक पुस्तक पुन्हा फळीवर लावले.

जूनमध्ये पत्र आले की नवी बाई येत नाही. हेडमास्तर ते सांगायला घाबरत आले, पण एजे म्हणाल्या, "मी कुठं विचारलं? ओमीन म्हटलंय मी."

"मग आपांचं काय?"

उत्तर गावाने शोधले. ऑगस्टमध्ये बुरुलचा आणि तिच्या वर्गातले चार जण ट्रक घेऊन खाली गेले आणि आपांना गादीत गुंडाळून, उशा लावून, सन्मानाने वर घेऊन आले. गावाने नवी गादी शिवली, चुलीवर तेलात पिठाचे गोळे फुलले. "आता तुमच्या जिवाला घोर नाही, एजे," बुरुलचा म्हणाली. तिचा चेहरा खरोखर प्रेमाने फुलला होता. एजे म्हणाल्या, "आभारी आहे गं," आणि वर्गात येऊन दार लावून घेतले. मी त्यांना तशा कधी पाहिले नव्हते. त्या रडल्या नाहीत, नुसत्या बाकावर बसून राहिल्या. जायला आता कारणही उरले नव्हते.

दोन दिवसांनी त्यांनी आपांना वर्ग दाखवायला आणले. दाखवायला म्हणजे, हात धरून फिरवले. आपा लहानखुऱ्या, पाठीत वाकलेल्या. आमच्या उंचीवर त्यांना धाप लागत होती. त्यांनी माझे मणी चाचपले, घोट्याच्या हाडावर बोट थांबले.

"हे मेंढीचं?"

"हो."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसल्या. मग, "तळं कुठल्या बाजूला आलं गं?"

"खिंडीच्या पलीकडं, आपा. इथून दिसत नाही."

"मला तसंही दिसत नाही. वास यायचा." थोडा वेळ त्या दम खात बसल्या. "अनारकुल, खरं सांग. तुला इथं राहायचंय?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न एजेंना कुणी असा सरळ विचारला नव्हता. कधी जाणार, असे विचारत, थांबा म्हणत, तुमच्याशिवाय कोण म्हणत. हे कुणी विचारले नव्हते.

"नाही," त्या म्हणाल्या. "पोरांवर माझा जीव आहे, आपा. पण मला घरी यायचंय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सहा वेळा सांगितलं. आणि आता म्हाताऱ्यानं आशीर्वाद दिला आणि मी तोंडावर हात फिरवला."

"किती वर्षांचा आहे तो म्हातारा?"

"अठ्ठ्याहत्तर."

"हूं," आपा म्हणाल्या आणि चहा मागितला.

एक सप्टेंबरला पहिली घंटा. पुन्हा अंगण, पुन्हा पांढऱ्या रिबिनींची फुले, पुन्हा माझ्या रिबिनी. पहिलीची सतरा मुले ओळीत उभी होती आणि बुरुलचाची लेक सर्वांत पुढे. एजे झगा घालून बाजूला उभ्या होत्या. कासिमाली आक्साकालांनी आशीर्वादासाठी टोपी सावरली, तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या आपा खाकरल्या.

"कोण बोलतंय?"

"मी कासिमाली, आपा. गावात वयानं मोठा."

"तू किती वर्षांचा, बाळ?"

लोक हसले. आक्साकालही हसले. "अठ्ठ्याहत्तर, आपा."

"मी चौऱ्याऐंशीची. तुमच्याकडं आशीर्वाद मोठ्यानं द्यायचा की धाकट्यानं?"

रीत ती रीत. जमलेल्यांत जो वयाने मोठा, आशीर्वाद त्याचा, आणि आपांना तर गावाने स्वतः ट्रकमधून आणले होते. आक्साकालांनी छातीवर हात ठेवला आणि बाजूला झाले. आपांनी हात पुढे धरले. सारे अंगण ओंजळ धरून उभे राहिले.

"तुमच्या चुलीचा धूर कधी न थांबो," आपा बोलू लागल्या. आवाज बारीक होता, पण लय पक्की होती. "मेंढ्या जुळी कोकरं देवोत. खिंड लवकर उघडो आणि उशिरा मिटो. या सतरा लेकरांच्या डोक्यात अक्षर टिको. म्हाताऱ्यांचे गुडघे न दुखोत." इथे दोनचार म्हातारे खूश होऊन हलले. "आणि ज्या लेकीला मी तीन वर्षांसाठी दिलं, ती चोवीस वर्षं तुमची झाली. या आठवड्यात तिला तिच्या घरची वाट मोकळी होवो. तिला कुणी थांब न म्हणो, आणि तिच्या जागी येणारीला कुणी तिच्यासारखंच न बांधो. ओमीन."

"ओमीन," सारे गाव म्हणाले आणि सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले. हेडमास्तरांचे फिरले, बुरुलचाचे फिरले. कासिमाली आक्साकालांचे हात दाढीपर्यंत आले आणि तिथेच थांबले.

मग आक्साकालांनी हळूहळू दाढी कुरवाळली. "मेंढ्या राखण्यात जन्म गेला," ते म्हणाले, "आणि आज मलाच कुणीतरी दावणीला बांधलं." त्यांनी एजेंकडे पाहिले. "जा, पोरी. गावानं घेतलं ते घेतलं. माझंच चुकलं होतं."

एजे सात तारखेला गेल्या. ट्रकमध्ये आपा उशांत टेकून होत्या. निघण्याआधी एजे वर्गात आल्या, माझ्या चौकटीवर क्षणभर हात ठेवून निघून गेल्या. मी त्यांना जाताना सुखाने निरोप दिला, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मला राग आला होता. बुरुलचालाही आला होता. "माझ्याच पोरीच्या वेळेला बरी वाट फुटली," ती दारात उभी राहून म्हणाली आणि डोक्यावरच्या रुमालाचे टोक डोळ्यांना लावले.

सतरा मुलांपुढे हेडमास्तर उभे राहिले. कवायतीचा माणूस. त्यांनी पोरांना रांगेत उभे करून मोजायला लावले आणि मधेच स्वतःच आकडा विसरले. पहिल्या आठवड्यात त्यांचा घसा बसला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी ओले हातमोजे शेगडीवर ठेवून जाळले. एका दुपारी मुले गेल्यावर ते माझ्यासमोर बाकावर बसले आणि डोके धरून म्हणाले, "चोवीस वर्षं ती हे कसं करत होती?" हा प्रश्न त्यांना त्या आधी कधी पडला नव्हता, आणि खरे सांगते, मलाही नाही.

ऑक्टोबर सरत आला, खिंड बंद व्हायला आठ दिवस उरले असतील, तेव्हा मेरिम नावाची तेवीस वर्षांची मुलगी जिल्ह्याच्या गाडीतून उतरली. अंगात पातळ कोट, हातात चाकांची बॅग. गाव तिला पाहायला वर्गात जमले. बुरुलचा गरम पाव आणि लोणी घेऊन आली होती. ती सवयीने म्हणाली, "बरं झालं आलात एजे, आमच्या पोरांना आता तुमच्याशिवाय," आणि वाक्य तोंडातच राहिले.

कासिमाली आक्साकाल काठीवर टेकून पुढे आले. "पोरी, तुझी आई कुठं असते?"

मेरिमने गावाचे नाव सांगितले. खूप लांबचे, दक्षिणेकडचे.

"आणि तिच्याकडं तुला परत कधी जायचंय?"

मेरिम बावरली. नोकरी मिळायच्या आधीच जाते की काय, असे तिला वाटले असावे. "तीन वर्षांनी," ती अगदी हळू आवाजात म्हणाली.

हेडमास्तरांनी बोटे मोजली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथे बोट त्यांनी तसेच वर धरले. मला वाटले, आता ते म्हणणार, एकच वर्ष गं. सगळ्यांनाच तसे वाटले असावे, कारण सगळे जमिनीकडे पाहत होते. शेवटी बुरुलचाने पाव मेरिमच्या हातात दिला आणि हेडमास्तरांना म्हणाली, "मग चौथीसाठी दुसऱ्या एजे आत्तापासूनच शोधायला लागा, आगाय. तीन वर्षं चुटकीसरशी जातात."

मित्रांनो, मी लाकडाची आहे. मला वाळवी लागू देऊ नका, माझे मणी पळवू नका, एवढे तर मी मागेनच. पण तुमच्या शाळेतही एखाद्या बाई असतील, ज्यांनी तुमच्या आईला शिकवले आणि आता तुम्हाला शिकवतात. त्यांना फुले देता, तुमच्याशिवाय आमचे कसे होणार असे म्हणता. त्याऐवजी एकदा विचारा, बाई, तुम्हाला कुठे जायचे होते? त्या हसतील आणि वही काढायला सांगतील. पुन्हा विचारा.